टाकीला कसलं कारण लागतं?

५ मार्च, सोमवार

आमच्यातला एकही नाही! बोटींच्या कारखान्याने शिकाऊ पोरांची नावं लावली. शेजारच्या जिल्ह्यातली पोरं आहेत, अगदी शेतकी शाळेतलीसुद्धा आहेत. आमच्या पिलारच्या टेक्निकलची मेटल शाखा — शून्य. गेल्या वर्षीही शून्यच होतं.

मुख्याध्यापक आब्दोन साहेबांनी बोलावलं. खुर्चीवर बस म्हणाले, तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट आहे.

"दुआर्ते, तुझी पोरं वेल्डिंग झकास करतात. पण कारखाना आधी लेखी परीक्षा घेतो. गणित आणि वाचन. तिथेच सगळी आडवी होतात."

मी म्हटलं, साहेब, बोटीला गणित चिकटवायचं नसतं, पत्रा चिकटवायचा असतो. हसले नाहीत.

"या वर्षअखेरीच्या परीक्षेतही कुणी लागलं नाही तर मेटल बंद. तुझ्या शेडमध्ये कॉम्प्युटर येतील."

माझ्या शेडमध्ये! जिथला लेथ मी स्वतःच्या हाताने पायावर बसवलाय!

७ मार्च

गणिताच्या सुनिल्दाबाई आज वर्कशॉपच्या दारात उभ्या. राजधानीतून, असुन्सियोनहून गेल्या वर्षी आल्या. तिशीच्या असतील. ठिणग्या उडाल्या की दचकतात, पण जात नाहीत.

"मास्तर, एक सुचवू? तुम्ही माझ्या तासाला येऊन बसा. मी तुमच्या वर्कशॉपमध्ये येते."

मी म्हटलं, बाई, माझी शाळा सहावीत सुटली.

"माहीत आहे. सगळ्या शाळेला माहीत आहे. म्हणूनच म्हणते."

राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचं गाऱ्हाणं खरं आहे — मेटलची पोरं त्यांच्या तासाला येत नाहीत, आली तर झोपतात, उठवलं तर म्हणतात, आम्हाला कशाला हवंय, आम्ही मेटलवाले. "तुम्ही मागे बसलात तर निदान जागी राहतील," म्हणाल्या.

निमियाला सांगितलं तर बायको हसून हसून खाली बसली. "पन्नाशी उलटली फेर्मिन! दप्तर आणू का तुला? रंग कुठला?"

१२ मार्च

बसलो. शेवटचा बाक. गुडघे मावत नाहीत.

डेर्लिसने बाक बडवला — "मास्तर, नवीन ॲडमिशन?" सगळी खिदळली. मीही हसलो, काय करणार!

डेर्लिस ओवेलार म्हणजे माझा सगळ्यात तयार हात. त्याचा वेल्डिंगचा टाका बघत राहावा, शिलाई मशीनवरून काढल्यासारखा. पण वाचायला उभं केलं की पोरगा घसा खाकरतो, पाणी पिऊन येतो म्हणतो आणि तास संपेपर्यंत पाणीच पितो.

मला काही कळलं नाही. फळ्यावर x होता. तो काय आहे हे शोधायचं म्हणे. ज्याने हरवला त्याने शोधावा!

१३ मार्च

बाईंनी सगळ्यांना सांगितलंय, रोज चार ओळी लिहा. काय कळलं, काय नाही. मला दाखवू नका, कुणालाच दाखवू नका. म्हणून हे लिहिणं; मागचे दिवस आठवून आधी लिहून काढले. पोरं काही लिहायची नाहीत. मी लिहितोय. हाताला सवय नाही, पेन कानशीसारखं धरतो, असं निमिया म्हणते.

२० मार्च

x अजून सापडला नाही.

४ एप्रिल

आज बाईंची पाळी. ॲप्रन, हातमोजे, तोंडावर मास्क. मी म्हटलं, रॉड पत्र्याला हलकेच टेकवा आणि लगेच उचला. त्यांनी टेकवला आणि रॉड बसला चिकटून! ओढतायत, ओढतायत, टेबलच हलायला लागलं. पेर्ला ओरडली, "बाई, मनगट फिरवा, मनगट!" मेटलमधली ही एकुलती एक मुलगी. तिने जाऊन सोडवून दिला. दुसऱ्यांदा पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदाही.

बाईंनी मास्क वर केला. घामाने निथळलेल्या. "बघितलंत? मला इथे जे होतं, ते तुम्हाला माझ्या तासाला होतं. मी उद्या परत येणार आहे."

कुणी हसलं नाही. दुपारी त्यांच्या तासाला पहिल्यांदाच सगळा वर्ग भरला.

१६ एप्रिल

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

बाईंनी गणित घातलं. टाकी आहे, पाण्याने भरलेली, ती रिकामी होते, आणि मग एक स्पॅनिश शब्द — 'रासोन'. इतक्या इतक्या लिटरच्या रासोनने रिकामी होते. रासोन म्हणजे कारण. घरी-दारी आम्ही ग्वारानी बोलतो, पण एवढं स्पॅनिश तर येतंच. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. डेर्लिस कुजबुजला, "टाकीला कसलं कारण लागतं? भोक असेल!"

मलाही तेच वाटलं होतं. मी हात वर केला — हात वर करायचा असतो, विसरलोच होतो — आणि विचारलं. बाईंना आधी वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यांचा चेहरा पडला. "नाही हो मास्तर. इथे त्याचा अर्थ, दर मिनिटाला तेवढं पाणी जातं."

मी मागे वळून ग्वारानीत म्हटलं, "पोरांनो, दर मिनिटाला एवढं पाणी बाहेर जातंय. सगळं जायला किती वेळ?"

आणि सगळा वर्ग — "हाऽऽ!" पेर्लाने जागेवरून उत्तर दिलं. डेर्लिसने बोटांवर काढलं, तेही बरोबर.

बाई खडू हातात धरून तशाच उभ्या. "म्हणजे तुम्हाला गणित अडत नाही. प्रश्न अडतो."

दोन्ही अडतं, मी म्हटलं. पण आधी प्रश्न.

१७ एप्रिल

मलापण उत्तर आलं होतं! काल लिहायचं राहिलं.

२ मे

आता रोज सकाळी मशिनी सुरू करायच्या आधी एक प्रश्न. एकाने स्पॅनिशमध्ये वाचायचा, दुसऱ्याने ग्वारानीत सांगायचा, तिसऱ्याने पुन्हा आपल्या शब्दांत स्पॅनिशमध्ये. बाईंचा हट्ट आहे. मी म्हटलं, कळल्याशी मतलब, तिसरं कशाला? तर म्हणाल्या, "कारखान्याच्या परीक्षेत तुम्ही मागच्या बाकावर नसणार, मास्तर."

आब्दोन साहेब दारातून ऐकत होते. "शाळेत येऊन घरचंच बोलायचं तर शाळा कशाला?" बाईंनी शांतपणे सांगितलं, साहेब, घरून निघाल्याशिवाय शाळेत कसं पोचणार? साहेब हं म्हणून गेले. त्यांचं ते हं मला आवडत नाही.

२४ मे

डेर्लिसची वाचायची पाळी. घसा खाकरला. पाण्याकडे बघितलं. पेर्लाने बाटली उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली. "वाच, मग पी."

वाचलं. एकेक अक्षर उकरून. घामाने शर्ट भिजला पोराचा. मधे एकजण फिसकन हसला, तर मी काही बोलायच्या आत डेर्लिसच म्हणाला, "तू ये, उभा वेल्ड मारून दाखव, मग हस."

पुढे वाचत राहिला.

२९ जून

सहामाहीचा निकाल. आमच्याकडे पाचातला एक म्हणजे नापास, दोन म्हणजे पास. पेर्लाला चार! वर्गातल्याच व्हिदालला तीन. बरीचशी पोरं दोनवर तरली. मेटलमध्ये असं कधी झालं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत बाईंनी सगळ्यांना चिपा वाटला, चीज घातलेला गरम पाव.

डेर्लिसला एक.

मलाही एक. बाईंनी माझा पेपर हातात देताना डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला फुकट काही देणार नव्हते." बरोबर आहे. तरी पेपर घडी घालून खिशात कोंबला. निमियाने आज चेष्टा केली नाही. तेच जास्त लागलं.

१ ऑगस्ट

सकाळी उठल्या उठल्या निमियाने घोटभर कडू दारू दिली, पाला आणि लिंबू घातलेली. ऑगस्ट वाईट महिना, अंगावर येऊ नये म्हणून. प्यालो.

वर्कशॉपमध्ये डेर्लिस नाही. हिवाळ्याची सुट्टी संपल्यापासून आलाच नाही. पेर्ला खाली मान घालून पत्रा घासत होती. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तो ब्युनोस आयर्सला चाललाय, मास्तर. मामा बांधकामावर लावतोय. तुम्हाला सांगू नको म्हणाला."

३ ऑगस्ट

नदीकाठच्या वस्तीत गेलो. डेर्लिसची आई तोमासा अंगणात मासळी साफ करत बसलेली. बाजारात ती मासळी विकते, नवरा कधीचाच निघून गेला. मला बघून उठली, हात पुसला, स्टूल पुढे केलं. बॅग दारातच भरून ठेवलेली.

डेर्लिस बाहेर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा वेल्ड बघून मामाचा मुकादम खूश आहे, मास्तर. फोटो पाठवले होते."

मी म्हटलं, खूश होणारच.

"मग झालं तर. सगळी पास झाली. मी सकाळी सकाळी गाढवासारखा उभा राहून वाचलं, आणि मिळालं काय? एक!"

"मलाही एकच मिळाला."

"तुम्हाला काय? तुम्हाला नोकरी आहे."

खरं होतं. ओठावर पुष्कळ आलं — भविष्य आणि काय काय — पण ते आब्दोन साहेबांच्या तोंडचं वाटलं. शेवटी म्हटलं, "सोमवारी मी परत बसणार आहे त्या बाकावर. गुडघे दुखतात माझे. तरी बसणार आहे."

तोमासा सुरी हातात धरून ऐकत होती. "तुम्ही बसता? खरंच? पोरांबरोबर?"

"वहिनी, सगळा गाव हसतो. तुमच्यापर्यंत नाही आलं?"

तिने एक मासा कागदात गुंडाळला. मी मासा घेऊन घरी आलो. पैसे घेतले नाहीत तिने.

६ ऑगस्ट

बसलो. शेजारची जागा रिकामी.

१३ ऑगस्ट

आला! मास्क चढवला आणि कामाला लागला. जेवणाच्या सुट्टीत पाल्याच्या थंडगार चहाचा, तेरेरेचा, पेला फिरत फिरत त्याच्याकडे गेला तेव्हा आपणच म्हणाला, "आईने बॅग उलटी केली. म्हणाली, तुझा म्हातारा मास्तर बाकावर बसतो आणि तू बस पकडतोस? मामालापण फोनवर झापला. डिसेंबरपर्यंत थांब म्हणाली. मग कुठे जायचं तिकडे जा."

म्हातारा! असो.

१९ सप्टेंबर

सुनिल्दाबाईंनी आज उभा वेल्ड मारला. वेडावाकडा, पण धरला. मी हातोडीने ठोकून बघितला, तुटला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. डेर्लिस म्हणाला, "बाई, पाचातले दोन!" बाई इतक्या खूश झाल्या की तो तुकडा घरी घेऊन गेल्या.

११ ऑक्टोबर

उतरत्या पायऱ्यांचा कोन काढायचा होता. मी इतकी वर्षं गुण्या लावून, डोळ्याने मापून काढत आलो. आज कागदावर काढला. मग शेडमध्ये जाऊन मापला. जुळला! दोनदा मापला. कुणाला सांगावं म्हणून निमियाला फोन केला. ती बाजारात होती. "बरं बरं, कोन जुळला, आता कांदे आणायचेत का सांग." पण संध्याकाळी शेजारणीला सांगत होती, माझ्या नवऱ्याला आता कागदावर जिने काढता येतात.

९ नोव्हेंबर

आज कारखान्याची परीक्षा. व्हिदालच्या काकाची पिकअप मी चालवली, पोरं मागे. रस्ताभर एकमेकांना प्रश्न विचारत होती, ग्वारानीत, स्पॅनिशमध्ये, कशातही. पेर्लाने दोनदा गाडी थांबवायला लावली, उलटी झाली.

मी फाटकाबाहेर आंब्याखाली बसलो. बाई सोबत आलेल्या. दोघांनी मिळून पूर्ण थर्मास तेरेरे संपवला.

एकेक बाहेर आली. डेर्लिस सगळ्यात शेवटी. डोळे लाल.

"काय रे?"

"सगळे प्रश्न वाचले, मास्तर."

"आणि?"

"सगळे वाचले, म्हटलं ना."

१६ नोव्हेंबर

शाळेची वार्षिक. मलाही पेपर मिळाला, इतरांसारखाच. रासोन आला होता. ओळखला.

२६ नोव्हेंबर

बाईंनी पेपर दिले. मला दोन! दोन!! पास!!! निमियाने पेपर घेतला आणि फ्रीजवर चिकटवला, मुलीच्या लग्नाच्या फोटोशेजारी. म्हणाली, पुढच्या वर्षी तीन. मी म्हटलं, पुढच्या वर्षी कुठलं? तर म्हणे, सुनिल्दाबाई बाजारात भेटल्या होत्या, संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग काढतायत फेब्रुवारीपासून, ज्याची शाळा जिथे सुटली तिथून. "मी तुझं नाव देऊन आले. सातवीत बसायचं."

विचारायची पद्धत नाही या घरात.

३० नोव्हेंबर

कारखान्याची नावं लागली. पेर्ला. व्हिदाल. दोघं! आब्दोन साहेबांनी मला मिठी मारली, यापूर्वी कधी हात मिळवला नव्हता. मेटल राहणार. शेड राहणार. पेर्लाचे वडील गिटार घेऊन शाळेत आले, सगळ्यांसमोर वाजवून वाजवून रडले.

डेर्लिस नाही.

बाईंनी कारखान्यात फोन करून विचारलं. त्याची जेवढी उत्तरं होती ती बहुतेक बरोबर होती. पण शेवटची पानं कोरी. वाचायला वेळ लागला. वाचता वाचताच वेळ संपली.

त्याने पेर्लाला खांद्यावर उचलून शेडभर फिरवलं. हसत होता. मग हातमोजे जागेवर ठेवून गेला. मी मागे जायला निघालो तर बाई म्हणाल्या, आज नको.

१ डिसेंबर

सगळे अभिनंदन करतायत. मला गोड लागत नाहीये. हे सगळं ज्या पोरामुळे मनावर घेतलं त्याच्याच हाती काही आलं नाही. बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, तो शाळा पूर्ण करून चाललाय, पास होऊन, त्याच्या घरात कुणी केलं नव्हतं. मी मान हलवली. पण कोरी पानं डोळ्यांपुढून जात नाहीत.

१० डिसेंबर

बसस्टँडवर गेलो. निमियाने चिपा बांधून दिला होता. तोमासा पोराची कॉलर नीट करत होती, तो "आई, पुरे" म्हणत होता. मी हात पुढे केला, त्याने मिठीच मारली.

"मास्तर, गुडघ्यांना तेल लावत जा."

बस गेली. तोमासा बराच वेळ रस्त्याकडे बघत उभी. घरी सोडू का विचारलं, नको म्हणाली. मासळी उतरायची वेळ झाली होती.

२० जानेवारी

जानेवारीच्या उन्हाळ्याने जीव नकोसा केलाय. शेडच्या पत्र्यावर अंडं तळेल. लेथला तेल दिलं. डेर्लिसचं काही कळलं नाही. पोरं एकदा गेली की गेली.

२५ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. मी वेळेआधी पोचलो, मागचा बाक धरायला. पण पहिल्या बाकावर आधीच कुणीतरी — तोमासा! ओले केस, इस्त्रीचा झगा.

"वहिनी, तुम्ही?"

"काय करू मास्तर! आधी पोरगा फोनवर बोलून पाठवायचा, मी ऐकायचे. आता कार्टं लिहून पाठवतं. लांबच्या लांब! रोज कुणाच्या दारात जाऊ वाचून घ्यायला?"

तिने फोन माझ्यापुढे धरला. पडदाभर अक्षरं. मी चष्मा लावून पहिला शब्द वाचला, तेवढ्यात तिने फोन ओढून घेतला.

"नाही. थांबा. मी वाचणार."